थरथरत्या हाताचा नेम

हे मी वैशालीमुळे लिहितेय. ती आमच्या बदलापूरच्या बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर राहते, शाळेत शिकवते. मध्यंतरी एका दुपारी ती रक्ताचा रिपोर्ट घेऊन वर आली आणि तो मला देण्याआधीच म्हणाली, "ताई, खरं सांगा, मला वेड लागत चाललंय का? काल वर्गात हातातून खडू पडला म्हणून मी रडले. पोरांसमोर."

मी तिचा हात हातात घेतला. गरम, ओलसर, आणि आतून काहीतरी सतत बारीक धावतंय असा.

"वेड नाही," मी म्हटलं. "बस. चहा नको घेऊस, सरबत करते."

मला तिला जे सांगायचं होतं ते त्या दिवशी धड सांगता आलं नाही. माझं मलाच अजून सगळं उलगडलेलं नाही, हे एक कारण. औषधांचं काय ते तिला डॉक्टर सांगतील. मला काय झालं, तेवढं मी सांगू शकते.

फुग्यांपासून

अठ्ठ्याऐंशीच्या सुमारास मी अंबरनाथच्या एका कंपनीत टाइम ऑफिसला, कामगारांची हजेरी ठेवायला होते. घर उल्हासनगरच्या कॅम्प पाच या वस्तीत. घरात नवरा अशोक, तो विठ्ठलवाडीच्या एसटी डेपोत मेकॅनिक, सासूबाई, आणि आमची छोटी प्रज्ञा. कंपनीच्या वार्षिक मेळाव्यात फुगे फोडायचा स्टॉल लागला होता. मैत्रिणींनी ढकललं म्हणून मी छऱ्याची बंदूक उचलली आणि एका ओळीतले सगळे फुगे फोडले. वळले तर मागे शिर्के सर. लष्करातून निवृत्त होऊन आमच्या कंपनीत सुरक्षेला लागलेले, आणि स्पोर्ट्स क्लबच्या मागच्या जुन्या गोडाऊनमध्ये संध्याकाळी नेमबाजी शिकवणारे.

"बेटी, एक डोळा मिटू नकोस," ते म्हणाले. "दोन्ही उघडे ठेव आणि दुसरी ओळ मार."

तिथून माझं एअर पिस्तूल सुरू झालं. दहा मीटरवर कागदी टार्गेट, आणि एका हातात धरलेलं पिस्तूल. दुसरा हात खिशात, किंवा माझ्यासारखा पदर खोचलेल्या कमरेवर. पुढे मी पंजाबी ड्रेस घालायला लागले. सरांचं शिकवणं सोपं होतं आणि करायला महाकठीण. नळीच्या टोकाला जी छोटी खूण असते तिला आम्ही माशी म्हणायचो. सर म्हणत, "टार्गेट धूसर दिसलं तरी चालेल. माशी काचेसारखी स्वच्छ दिसली पाहिजे. ट्रिगर खेचायचा नाही, दाबत राहायचा. छर्रा कधी सुटला ते तुझं तुलाच कळता कामा नये."

घरी पिस्तूल आणता येत नसे. मी इस्त्री हातात धरून कोऱ्या भिंतीकडे बघत उभी राहायचे. सासूबाई भाजी निवडता निवडता विचारायच्या, "त्या भिंतीनं तुझं काय घोडं मारलंय गं?" पण इस्त्रीची वेळ झाली की प्रज्ञाला त्याच बाहेर घेऊन जायच्या.

मी बऱ्यापैकी पुढे गेले. जिल्ह्याच्या स्पर्धेत नंबर आला. सर म्हणाले, आता राज्य.

आणि तेव्हाच माशी हलायला लागली.

सगळे कौतुक करत होते

हात थोडा हलतोच. कुणाचाच पूर्ण स्थिर नसतो. माशी टार्गेटच्या काळ्या भागाखाली संथपणे डोलते, तिच्याशी जमवून घ्यायचं असतं. पण माझी आता डोलत नव्हती, थरथरत होती. सतार वाजवून झाल्यावर तार कंप पावत राहते तशी.

सरांना वाटलं, स्पर्धेची धास्ती. त्यांनी श्वासाचा व्यायाम दिला. मग मूठ बदलली. पाय आणखी फाकवून उभं केलं. मग म्हणाले, "माशी काळ्यावरून जाताना पटकन सोड." म्हणजे आधी जे करू नकोस म्हणून शिकवलं होतं तेच. मी तेही केलं. गुण कमीच होत गेले. जितकी जास्त प्रॅक्टिस, तितका हात वाईट. हे मला काही केल्या कळेना. मेहनतीने बिघडतं असं दुसरं काही मला माहीत नव्हतं.

बाकी सगळीकडे मात्र माझं कौतुक चाललं होतं. मी बारीक झाले होते. शेजारच्या सिंधी भाभी जिन्यात थांबवून म्हणाल्या, "क्या बात है, डाएटिंग चालू है क्या? मेरे को भी बता." मी दोन माणसांचं जेवत होते. ब्लाउज आत घ्यायला टाकले, परत आत घेतले. ऐन थंडीत मला पंखा लागायचा आणि सासूबाई गोधडीत गुरफटून माझ्याकडे बघत बसायच्या. पाळी पुढे गेली तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, "काही आहे का?" मलाही वाटलं असेल. तपासलं, तर नव्हतं. आनंद व्हावा की वाईट वाटावं तेही ठरेना.

कॅम्पातल्या आमच्या डॉक्टरांनी वीकनेस सांगितला. टॉनिक दिलं. पुढच्या वेळी गेले तर म्हणाले, "नोकरी, घर, ऊपर से ये बंदूक. टेन्शन मत लो." मी टेन्शन घेणं बंद करायचा निश्चय करत होते आणि छाती बसल्याजागी धडधडत होती, जशी मी जिना चढून आलेय.

आणि राग. डाळीत मीठ कमी, राग. प्रज्ञाने चप्पल उलटी घातली, राग. ती माझी चाहूल लागली की आजीच्या मागे जाऊन बसायला लागली. अशोक शांत माणूस. त्याने बरेच दिवस काही म्हटलं नाही. मग एकदा जेवता जेवता ताट बाजूला सारून म्हणाला, "रजनी, तुला हे घर नकोय का? तसं असेल तर सांग. रोज थोडं थोडं नको."

"अहो, काय बोलताय?"

"मग काय झालंय तुला?"

"मला माहीत नाही," मी म्हटलं. तेच खरं होतं, पण त्याला ती टाळाटाळ वाटली. माझ्या जागी तो असता तर मलाही वाटली असती.

बदलापूरची डॉक्टरीण

शेवटी सरांनीच डोळे तपासायला सांगितलं. माशी दोन-दोन दिसते असं मी म्हणाले होते, तेव्हा चष्मा लागला असेल असा आमचा हिशोब. बदलापूरला डोळ्यांच्या एक डॉक्टरीण बसायच्या, त्यांच्याकडे अशोक मला घेऊन गेला. मला आठवतंय, मी त्या दिवशी खुशीत होते. चष्मा म्हणजे किती साधं कारण!

त्यांनी अक्षरं वाचून घेतली. सगळी नीट वाचली. मग खुर्ची जवळ ओढून त्या माझ्या डोळ्यांकडे बघत राहिल्या, आत नाही, नुसत्या बाहेरूनच.

"तुम्ही नेहमीच असं बघता का? टक लावून?"

"नेमबाजी करते ना," मी म्हटलं. "सवय."

"लग्नातला फोटो आहे का जवळ?"

अशोकच्या पाकिटात होता. त्यांनी फोटो माझ्या चेहऱ्याशेजारी धरला. मग मला घोटभर पाणी दिलं आणि मी गिळताना गळ्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "दोन्ही हात पुढे करा. बोटं फाकवा." आणि टेबलावरचा एक कोरा कागद उचलून त्यांनी माझ्या बोटांवर पसरला.

कागद फडफडायला लागला. खोलीत पंखासुद्धा चालू नव्हता.

अशोक खुर्चीतून पुढे झुकून त्या कागदाकडे बघत होता. हात लांब करून उभं राहणं हीच माझी विद्या, आणि हा कागद तिची चारचौघांत फजिती करत होता.

"चष्मा नाही," डॉक्टरीण बाई म्हणाल्या. "ही थायरॉईडची गाठ आहे गळ्यात. ती भरमसाट काम करतेय. वजन, घाम, धडधड, हात, हे बाहेर आल्यासारखे डोळे, सगळं तिचंच."

"आणि राग?" हे अशोकने विचारलं.

"तोही."

परतताना स्टेशनजवळ त्याने मला उसाचा रस पाजला आणि अचानक म्हणाला, "म्हणजे ते तू नव्हतीस." त्याला बिचाऱ्याला हायसं वाटलं होतं. मला मात्र आणखीच गोंधळल्यासारखं झालं. ते मी नव्हते, तर मग कोण होतं? आणि ज्या गोष्टींवर मी चिडले होते त्यातल्या दोन-चार तर खरंच चिडण्यासारख्या होत्या. त्यांचं आता काय करायचं?

हात जमला

पुढे मुंबईच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात तपासण्या झाल्या. तिथल्या डॉक्टरांनी दोन औषधं दिली. एक गाठीला आवरायला, तिचा गुण यायला वेळ लागणार होता. दुसरी छोटी गोळी, तोवर हृदयाची धडधड आवरायला. "ही मनाने बंद करायची नाही," त्यांनी बजावलं.

त्या छोट्या गोळीने आठवड्याभरातच जादू केली. छाती शांत. हात शांत. सरांनी परवानगी दिल्यावर मी गोडाऊनमध्ये जाऊन पिस्तूल उचललं, आणि माशी जाऊन बसली. डोलणंसुद्धा जेमतेम. इतका हात मला आजाराच्या आधीही कधी नव्हता. मी ट्रिगर दाबत राहिले, छर्रा कधी सुटला मला कळलं नाही, आणि कागदाच्या मधोमध भोक पडलं. परत. परत. सर दुर्बिणीला डोळा लावून बसले होते. मग म्हणाले, "अब आया हाथ. हेच मी सांगत होतो."

त्या दिवसांइतकी सुखी मी पिस्तूल हातात घेऊन कधीच नव्हते. राज्य स्पर्धेत माझं नाव गेलं. सासूबाईंनी डेपोतल्या अशोकच्या मित्रांनासुद्धा सांगून टाकलं.

स्पर्धेच्या थोडं आधी सर नेमबाजीच्या एका शिबिराला जाऊन आले. प्रॅक्टिस संपल्यावर त्यांनी मला थांबवलं.

"ती छोटी गोळी, नाव काय तिचं?"

मी पर्समधून पाकीट काढून दिलं. त्यांनी चष्मा लावला, नाव वाचलं, चष्मा काढला.

"बेटी, ही आपल्या खेळात चालत नाही. हात स्थिर करते म्हणून मनाई आहे."

मला हसूच आलं. "सर, पण मी आजारी आहे म्हणून घेतेय."

"ते मला माहीत आहे."

"मग मी काय करू?"

"मला विचारू नकोस," सर म्हणाले. "मी तुझा उस्ताद आहे. मला तो नंबर हवाय. माझं उत्तर सरळ येणार नाही."

ज्याला त्याला विचारलं

मी सगळ्यांना विचारलं. हॉस्पिटलातले डॉक्टर म्हणाले, "गोळी थांबवून स्पर्धा? अजिबात नाही. हृदयावर येईल." घेऊन खेळू का, म्हटल्यावर ते म्हणाले, तो माझा विषय नाही. अशोक म्हणाला, "औषध आहे ते, चोरी नाही. तुझा हात आजाराने हलवला, औषधाने जागेवर आणला. फिटंफाट." सासूबाई म्हणाल्या, "चष्मा लावून सुईत दोरा ओवला तर शिवण काय चष्म्याची होते?"

दोघांचं पटत होतं. पण मी एकटी असताना आठवायचे की हा हात आजाराआधीच्या हातापेक्षाही शांत आहे. फिटंफाट झाली असती तर तो पहिल्याइतका व्हायला हवा होता. वरचं जे होतं ते कुणाचं? लगेच उलटं वाटायचं. एवढ्या वर्षांची इस्त्री, भिंत, सरांच्या शिव्या, त्याचं काहीच नाही का त्यात? विचार करकरून डोकं भणभणायचं. आणि तेव्हा आमच्या पातळीवर कुणी तपासतही नव्हतं. कुणाला कळलंच नसतं.

स्पर्धेच्या ठिकाणी मी गेले. पिस्तूल घेऊन गेले. नेमबाजी सुरू व्हायच्या आधी टेबलाशी बसलेल्या पंचांना गोळ्यांचं पाकीट दाखवलं आणि सगळं सांगितलं. मध्यमवयीन, सभ्य गृहस्थ होते. त्यांनी पाकीट उलटंपालटं केलं, शेजारच्यांना दाखवलं. त्यांच्यात कुजबूज झाली.

"बाई," ते शेवटी म्हणाले, "तुम्ही सांगितलं नसतं तर बरं झालं असतं."

"मग खेळू की नको?"

"आता कसं खेळणार?"

मी नाव मागे घेतलं. मागच्या बाकावर बसून स्पर्धा बघितली. जी मुलगी पहिली आली तिचे गुण माझ्या गोडाऊनमधल्या गुणांपेक्षा कमी होते. सर शेजारी बसले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, फक्त खिशातून शेंगदाण्यांची पुडी काढून माझ्या मांडीवर ठेवली.

लोक म्हणतात, चांगलं केलंस. वैशालीही म्हणाली. मला अजून माहीत नाही. त्या वेळी मी काही मोठा विचार करून ते केलेलं नाही. गोंधळ एकटीला पेलवेना, म्हणून टेबलावर नेऊन ठेवला, इतकंच.

वॉर्डात

औषधांनी गाठ आवरायची आणि औषध कमी केलं की पुन्हा उसळायची. असं वर्षभर चाललं. मग ऑपरेशन ठरलं. त्याआधी रोज दुधात आयोडीनचे थेंब टाकून प्यायचे असत. गंजकं पाणी प्यायल्यासारखी ती चव. प्रज्ञा समोर बसून माझ्यासारखंच तोंड वाकडं करायची. आम्ही दोघी पुन्हा एका बाजूला आलो त्या दुधामुळेच.

हॉस्पिटलचा दिवस फार लवकर सुरू व्हायचा. तापमापी, चादरी, चहाची किटली, मग डॉक्टरांची फेरी आणि त्यानंतर न संपणारी दुपार. माझ्या शेजारच्या खाटेवर अंबरनाथजवळच्या गावच्या एक आजी होत्या, त्यांचीही गाठच. त्यांना गळ्याचं ऑपरेशन म्हणजे आवाज जाणार अशी भीती. "बोलता नाय आला तं सुनंला काय करू?" असं त्या विचारायच्या आणि मला हसवायच्या. माझी भीती वेगळी होती, ती कुणाला सांगण्यासारखी नव्हती. गाठ निघाली, सगळ्या गोळ्या सुटल्या, की खाली कोणता हात निघेल?

शुद्धीवर आले तेव्हा गळ्याशी पट्ट्या होत्या. अशोक वाकून म्हणाला, "काहीतरी बोल." मी बोलले. आवाज फाटका आला, पण आला. आजींनी पलीकडून हात वर केला. संध्याकाळी एका नर्सने न सांगता माझे केस विंचरून दोन वेण्या घातल्या. मान हलवता येत नव्हती, आणि केसांचा किती त्रास होतोय हे मी कुणाला सांगितलंही नव्हतं. त्या वेण्यांवरून हात फिरवत मी पहिल्यांदा रडले, नीट, कारण माहीत असून.

पुन्हा पहिल्यापासून

जखम भरल्यावर, डॉक्टरांनी हो म्हटल्यावर, मी गोडाऊनमध्ये गेले. सरांनी पिस्तूल दिलं. मी हात लांब केला. माशी थरथरत नव्हती. बसलेलीही नव्हती. डोलत होती, संथ, आणि मला आठवत होती त्यापेक्षा जरा जास्तच.

"हा माझाच का, सर?"

"मला काय माहीत," सर म्हणाले. "आता हाच आहे. याच्यावर काम कर."

आजारात शिकलेली वाईट खोड मोडायलाच किती महिने गेले. माशी काळ्यावरून जाताना ट्रिगर हिसकायचा, ती खोड. हाताच्या मागे धावायची सवय लागली होती. सरांनी टार्गेटच काढून टाकलं आणि मला कोऱ्या कागदावर मारायला लावलं. नेम धरायला काही नाही, मग घाई कशाची? डोलू दे, दाबत राहा. डोलू दे, दाबत राहा. हळूहळू एक गोष्ट लक्षात आली. डोलणाऱ्या हातानेही छर्रे मध्याजवळच पडतात, आपण मध्येच झटका दिला नाही तर. हे सर मला पहिल्या महिन्यात सांगत होते. तेव्हा कळलं असं वाटलं होतं, पण खरं आत्ता कळलं.

त्यानंतर मी चार वर्षं खेळले. राज्य स्पर्धेत दोनदा उतरले. गोळीच्या दिवसांतले गुण पुन्हा कधी मिळाले नाहीत, आणि पहिली कधी आले नाही. एकदा पाचवी आले. त्या पाचव्या नंबरचा मला विचित्र अभिमान आहे, पण त्या गेलेल्या पहिल्याची आठवण निघाली की मी अजूनही विषय बदलते. दोन्ही खरं आहे.

वैशालीला हेच सांगायचं होतं. बरं होता येतं. पण बरं झाल्यावर जुनी आपण जशीच्या तशी कपाटात ठेवलेली सापडेल, असं धरून चालू नकोस.

आमच्याकडे ऑपरेशननंतर एक नवीन पद्धत सुरू झाली, ती इतकी वर्षं टिकली. मी आवाज चढवला की अशोक गुपचूप माझं मनगट धरायचा आणि घड्याळाकडे बघत नाडी मोजायचा. काळजीनेच. मीही मुकाट्याने हात देत असे, कारण मलाही खात्री नसायची.

परवा त्याने मला न विचारता गावाकडच्या त्याच्या चुलतभावाला आमच्या घरी महिनाभर राहायला बोलावलं. मी भडकले. तो नेहमीप्रमाणे पुढे आला आणि मनगटाकडे हात नेला.

मी हात मागे घेतला.

"नाडी ठीक आहे," मी म्हटलं. "मी तुमच्यावर चिडलेय."

तो क्षणभर घड्याळाकडे, मग माझ्याकडे बघत राहिला. मग समोरची खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "बरं. बोल."